उलटा लावलेला गवती चहा

"हलू नका. पाय आहे तिथेच ठेवा."

आवाज मागून आला. तेव्हा माझा एक पाय बोटभर पाण्यात होता, दुसरा हवेत होता, आणि मोबाइल डोक्याच्या वर धरून मी स्वतःभोवती गोल फिरत होते.

हळूच मान वळवून पाहिलं. बांधावर एक माणूस उभा होता. डोक्यावर रुंद टोपी, नाकातोंडावर चौकड्यांचं फडकं, हातात लांब दांड्याची लाकडी फळी. त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होते.

"साप आहे का?" मी विचारलं.

"मीठ आहे."

"हं?"

"पायाखाली. पंधरा दिवस धरतंय ते. तुम्ही त्यावर नाचताय."

मी नाचत नव्हते. सूर्य शोधत होते. म्हणजे... तो अजून उगवला नव्हता, पण कुठून उगवणार, मिठाच्या कोणत्या ढिगाआड जाणार, हे सगळं मोबाइलवर दिसतं, आणि ते बघताना आपण कुठे उभे आहोत ते मात्र दिसत नाही. हा माझा जुनाच दोष आहे.

"आता काय करू?"

"जशा आलात तशाच परत या. नवीन पाऊल उमटवायचं नाही. आपल्याच पावलात पाऊल टाकायचं. उलटं."

अकरा पावलं होती. प्रत्येक पावलाला तो "थोडं डावीकडे... अजून... हां" करत होता, त्यामुळे मला ती मोजल्यावाचून राहवलं नाही. अकराव्याला माझा तोल गेला. त्याने हात पुढे केला नाही, फळीचा दांडा पुढे केला. मी तो धरून बांधावर चढले.

"हात दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"हाताला मीठ आहे. झोंबतं."

मग त्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. हसत होता. पावणेसहा झाले होते, ऊन यायला अजून दहा मिनिटं होती, आणि मला उगाचच उकडायला लागलं.

त्याचं नाव थियन. बान लाएमच्या त्या टोकाची मिठागरं त्याच्या घरची. माझं नाव नुआन. सिनेमाचा शेवटचा प्रसंग त्या मिठागरांत घ्यायचा होता, म्हणून आमचं तीस माणसांचं युनिट बँकॉकहून चार दिवसांसाठी तिथे येऊन पडलं होतं. सोंगक्रान होऊन आठवडा झाला होता. सणाची सुस्ती अजून कुणाच्याच अंगातून गेली नव्हती.

सिनेमात कुणी रडतं, कुणी मारामारी करतं, मी ऊन बघते. शूटिंग कुठल्या दिवशी, किती वाजता, सूर्य कुणाच्या पाठीशी आणि ढग कुठे, हे आधी जाऊन ठरवायचं आणि मग सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगायचं. हे काम मला फार आवडतं. पण गेल्या वर्षी एका बेटावर मी दिवस निवडला आणि त्या दिवशी सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत पाऊस कोसळला. कॅमेरे ताडपत्रीखाली, हिरोईन छत्रीखाली आणि मी सगळ्यांच्या नजरेखाली. आमच्या दिग्दर्शिका रुंग ताई ओरडत नाहीत. कैरीची फोड तिखटमिठात बुडवून, ती शांतपणे खाऊन त्या एवढंच म्हणाल्या, "अजून एकदा संधी देते, नुआन. त्या वेळी दिवस चुकला, तर पुढच्या सिनेमापासून तू जेवणाची पाकिटं वाटायचीस."

ही ती संधी होती.

शिवाय त्या बेटावरच्या पावसाचा ठपका माझ्यावर दोनदा आला. एकदा माझ्या मोबाइलवर, आणि एकदा गवती चहावर.

शूटिंगला पाऊस नको असेल तर कुणीतरी गवती चहा जमिनीत उलटा लावायचा, मुळं वर आणि पात खाली. लावणारी मुलगी लग्न न झालेली हवी. एवढं तर सगळीकडेच करतात. पण आमच्या युनिटला जेवू घालणाऱ्या उबोन मावशींनी त्यात स्वतःची भर घातलेली आहे. "लग्न झालेलं नसणं पुरत नाही," त्या म्हणतात. "मन कुणावर गेलेलं नको. आकाशाला सगळं कळतं." युनिटमध्ये हे काम सांगता येईल अशी बिनलग्नाची मुलगी मीच, त्यामुळे बेटावरही मीच तो लावला होता. पाऊस पडला तेव्हा मावशी भाताच्या पातेल्यामागून माझ्याकडे रोखून बघत राहिल्या.

आणि खरं सांगायचं तर... त्यांचं बरोबर होतं. तेव्हा एक साउंडवाला होता. आता तो नाही, त्याची आठवणही फारशी येत नाही. पण तेव्हापासून, कॉलेजात विज्ञान शिकलेली मी, गवती चहा दिसला की जरा जपूनच वागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांधावर बसून वहीत सावल्यांच्या लांब्या लिहीत होते. थियन ताडगोळे घेऊन आला.

"ऊन म्हणजे ऊन," तो म्हणाला. "त्यात एवढं लिहायचं काय?"

"इथे उभे राहा. टोपी राहू दे. आता मी तुमच्याकडे बघते." मी बघितलं. "तुमचे डोळेच दिसत नाहीत. नाकाखाली मिशी नसताना मिशी दिसतेय. दुपारी बाराचं ऊन डोक्यावरून पडतं, चेहऱ्याची वाट लावतं."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी बाजूने येतं. डोळे दिसतात."

"मग संध्याकाळीच येतो," तो म्हणाला, आणि ताडगोळे माझ्या वहीवर ठेवून गेला. वहीवर पाण्याचा डाग पडला. तो अजून आहे.

संध्याकाळी तो खरंच आला. टोपी काढून आला होता. मी त्याला समजावून सांगितलं की आम्हाला काय हवंय. वाफ्यातल्या पाण्यात आकाश दिसायला हवं, पण नुसतं निळं आकाश पाण्यात पत्र्यासारखं दिसतं, म्हणून ढग हवेत. सूर्य ढगांच्या खालून, बाजूने यायला हवा, म्हणजे हिरोईनच्या गालावर मऊ उजेड येईल. आणि पाऊस मात्र नको.

"ढग हवेत, पाऊस नको."

"हो."

"आमच्याकडे याला हावरटपणा म्हणतात."

"आमच्याकडे याला सिनेमा म्हणतात."

तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "आणि वारा?"

मी मोबाइल पुढे केला. त्यात वाऱ्याचा आकडा होता. त्याने आकड्याकडे बघितलंही नाही. बांधापलीकडे समुद्राचं पाणी वाफ्यांत ओढणारी जुनी पवनचक्की होती, कापडाच्या पात्यांची. तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ती बघा. समुद्राचा वारा दिवसभर तिला फिरवतो. सूर्य डोंगराला टेकायच्या जरा आधी तो थकतो. डोंगराकडचा वारा अजून सुटलेला नसतो. मधे थोडा वेळ कुणीच नसतं. तेव्हा ती थांबते, आणि पाणी हलत नाही."

"किती वाजता?"

"ते तिला विचारा."

आम्ही बांधावर बसलो. समोरच्या वाफ्यातलं पाणी बारीक थरथरत होतं आणि त्यात आकाशाचे तुकडे तुकडे झाले होते. सहा वाजले, सहा-पाच झाले. मला वाटलं, गंमत करतोय आपली. आणि मग कापडाची पाती रेंगाळली... एक फेरा अर्धाच राहिला... चक्की थांबली.

पाणी गप्प झालं. त्यात आख्खं आकाश उतरलं, आणि आकाशाच्या कडेला आम्ही दोघं, शेजारी शेजारी, डोकं खाली पाय वर. पाण्यातला तो पाण्यातल्या माझ्याकडे बघत होता.

"तुमच्या मोबाइलमध्ये हे आहे?" त्याने हळूच विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. मोबाइल खिशात टाकला.

सात मिनिटांनी चक्की पुन्हा फिरायला लागली. तो उठला, कपडे झाडले आणि म्हणाला, "कधी दहा मिनिटं, कधी दोन. कधी थांबतच नाही. भरवसा धरायचा नाही."

हे तो वाऱ्याबद्दल बोलत होता, एवढं मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं.

तिसरा दिवस उजाडला तो लख्ख. आकाशात औषधालाही ढग नाही. रुंग ताईंनी सकाळीच मला बोलावलं.

"आजच घेऊन टाकू," त्या म्हणाल्या. "ऊन आहे, पाणी आहे, सगळे आहेत."

"ताई, पाण्यात पत्रा दिसेल. उद्या ढग आहेत. दुपारपासून समुद्रावरून येतील."

"ढग येतील की पाऊस येईल?"

"ढग."

"आणि परवा आपण इथे नाही. उद्या चुकलं तर शेवटच नाही आपल्या सिनेमाला. लेखी देतेस?"

"देते."

त्यांनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि कैरीची फोड पुढे केली. म्हणजे ठरलं.

लेखी द्यायला मला काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, बांधाकडे जाताना. कारण तिथे सगळीकडे मीठ ओढायचं काम चालू होतं. थियन, त्याचे वडील आणि चार बायका फळ्यांनी मीठ ओढून ढीग लावत होते. त्यांना असा लख्ख दिवस सोन्याचा. फक्त आमच्या कॅमेऱ्यासमोरचे तीन मोठे वाफे तसेच होते, पाण्याखाली मीठ धरून. ते आम्हाला शब्द दिला म्हणून.

मी थियनला बाजूला बोलावलं.

"उद्या ढग नक्की येणार," मी म्हटलं. "पाऊसही येऊ शकतो. तीनात एक, एवढी शक्यता. ताईंना मी हे असं सांगितलं नाही. तुम्हाला सांगते."

त्याने फळी बांधाला टेकवली. "तीन वाफ्यांचं मीठ म्हणजे या मोसमाचं शेवटचं मीठ. पाऊस पडला की पाणी."

"माहीत आहे. म्हणूनच आले. आज काढायचं तर काढा. मी ताईंना सांगेन माझं चुकलं, आजच घेऊ."

"मग तुमचं काय?"

"जेवणाची पाकिटं वाटेन."

तो बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. मला वाटलं आता हाक मारणार वडिलांना, आता फळ्या घेऊन येणार सगळे. आणि मला ते चाललंही असतं. खोटं बोलून त्याचं मीठ बुडवण्यापेक्षा पाकिटं बरी.

"थांबतो," तो म्हणाला.

"का?"

"पाकिटं वाटताना तुम्हाला खाली बघावं लागेल." त्याने फडकं परत नाकावर ओढलं. "तुमची मान वर असते तेव्हा बरी दिसते."

आणि तो गेला. पाठमोरा. मी तिथेच उभी राहिले, कितीतरी वेळ, आणि सावलीची लांबी लिहायची राहून गेली.

त्या दिवशी मला कळलं. म्हणजे कळलं आधीच होतं, चक्की थांबली तेव्हाच, पण आता नाकारता येईना. दर दहा मिनिटांनी मी मोबाइलवर रडार बघत होते. तीनात एक. तीनात एक. स्वतःच्या नोकरीसाठी मी पाऊस नको म्हणत होते, की त्याच्या मिठासाठी, ते माझं मलाच सांगता येईना.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला ढग आले. मी लेखी दिलं होतं तसेच, समुद्रावरून, मोठाले, पांढरे. तीनला ते राखाडी झाले. चारला समुद्राच्या बाजूला तळाशी काळी रेघ दिसायला लागली आणि सगळं युनिट तिकडे बघायला लागलं. थियन आणि त्याचे वडील फळ्या घेऊन बांधावर येऊन उभे राहिले होते. वडिलांनी तीनदा आकाशाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात उबोन मावशी स्वयंपाकाच्या तंबूतून आल्या. हातात गवती चहाच्या तीन काड्या, मुळांची माती धुतलेली.

"नुआन, चल गं. चार वाजून गेले. लाव पटकन."

मी काड्या घेतल्या. हातांना तो वास लागला. समोर मऊ माती होती, खाली वाकायचं, पात खाली करून खोचायचं, दोन सेकंदांचं काम. मी पावसाचे ढग ओळखणारी मुलगी आहे. काडीने पाऊस अडत नाही हे मला माहीत आहे, हे मी कुणालाही वहीत आकृती काढून समजावू शकते. पण समोर तीन वाफे मीठ होतं. आणि बेटावर मी हेच केलं होतं, मनात एकाला ठेवून, सगळ्यांसमोर साळसूदपणे.

तीनात एक. उगाच कशाला त्यात भर.

"मावशी... मी नाही लावणार."

"का? हाताला काही लागलंय?"

"नाही."

"मग?"

"मी लावून उपयोग नाही."

आधी कुणाला कळलं नाही. मग कुणीतरी बर्फाचा चहा ढवळत होतं, तो चमचा थांबला. मावशींचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"अगं बाई. कधीपासून?"

"परवापासून."

"कोण?"

"मावशी, ढग बघा ना."

मी ढगांकडे बघत राहिले. मान वर, अगदी ताठ. पण तीस माणसं काही ढगांकडे बघत नव्हती. तीस माणसांनी एकेक करून बांधाकडे बघितलं, कारण मी तेवढा एक बांध सोडून सगळीकडे बघत होते. थियनने फडकं नाकावर ओढलं. डोळ्यांवर टोपी ओढली. त्याचे कान तेवढे बाहेर राहिले आणि ते लाल झाले होते.

"आण इकडे," रुंग ताई खुर्चीतून उठल्या. "मी लावते."

"तुम्ही?" मावशी म्हणाल्या.

"सत्तेचाळीस वर्षांची आहे, लग्न नाही, आणि गेली वीस वर्षं माझं मन शूटिंग वेळेवर संपण्याशिवाय दुसरीकडे कुठेही गेलेलं नाही. आकाशाला विचारा." त्यांनी काड्या माझ्या हातातून घेतल्या, गुडघे टेकले आणि तिन्ही काड्या नीट उलट्या खोचल्या. उठताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मुलगा बरा आहे. पण दिवस चुकला असेल तर तुझी सुटका नाही."

पावणेसहाला ढग फाटले आणि सोनेरी ऊन सांडलं. हिरोईन उभी राहिली, कॅमेरा तयार झाला.

"घेऊया?" रुंग ताईंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. ऊन सुंदर होतं. पण वाफ्यातलं पाणी थरथरत होतं आणि ढगांच्या त्यात चिंधड्या चिंधड्या झाल्या होत्या. चक्की गरागरा फिरत होती.

"नको, ताई. थांबा."

"ऊन जाईल."

"जाईल आणि परत येईल. डोंगर आणि ढग यांच्यामध्ये फट आहे, सूर्य सव्वासहाला तिथे येतो. तोपर्यंत वारा पडेल."

"वारा पडेल हे तुला कुणी सांगितलं? मोबाइलने?"

"नाही. मिठागरवाल्यांनी."

कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. रुंग ताई हसल्या नाहीत. त्यांनी काळ्या रेघेकडे बघितलं, ती आता रेघ राहिली नव्हती, समुद्रावर पावसाचा पडदा उभा होता. "थांबू," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ती पंचवीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. ऊन गेलं. सगळं राखाडी झालं. सहा वाजले. सहा-पाच. थियन चक्कीच्या खाली जाऊन उभा राहिला होता, एक हात वर करून, वाऱ्यावर तळवा धरून. सहा-दहा. मी त्याच्या हाताकडे बघत होते, दुसरं काही बघायचं मला सुचत नव्हतं. परवा तोच म्हणाला होता... कधी थांबतच नाही.

सहा-चौदाला त्याने हात खाली घेतला.

पाती रेंगाळली. अर्धा फेरा. चक्की थांबली.

तीन वाफ्यांत एकदम सगळं आकाश उतरलं, करडं, जांभळं, काठाला पांढरं. आणि डोंगराच्या वरच्या फटीतून सूर्य आडवा आला, मऊ, ढगांना खालून रंगवत. हिरोईन बांधावरून चालत आली. तिच्या पायाखाली ढग होते. एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, आणि नऊ मिनिटांनी पाण्यावर पहिली सुरकुती उठली तेव्हा रुंग ताई अगदी हळू म्हणाल्या, "झालं."

मी बांधावरच फतकल मारून बसले. आणि मला रडू आलं. दुःखाचं नव्हे, सुटल्याचं. वर्षभर छातीवर बसलेलं बेट एकदाचं उतरलं.

पण माझंच सुटलं होतं. थियनचं अजून पाण्यात होतं. मी डोळे पुसून बघते तो त्याने वाफ्याची मोरी उघडून पाणी सोडलंही होतं आणि बापलेक फळ्या घेऊन आत उतरले होते. समुद्रावरचा पडदा सरकत होता. दोन माणसं आणि तीन वाफे. मी चपला काढल्या आणि उतरले.

"पाय!" तो ओरडला, सवयीने.

"आता तुडवायचंच आहे ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "आता तुडवायचंय," तो म्हणाला आणि एक फळी माझ्याकडे फेकली.

माझ्यामागून कॅमेऱ्याची पोरं उतरली. मग लाइटवाले. हिरोईन सिनेमातला झगा गुडघ्यांवर खोचून उतरली. रुंग ताई हातगाडी ढकलत होत्या आणि थियनचे वडील त्यांच्यावर ओरडत होते, "अशी नाही हो बाई, अशी!" आणि वीस वर्षांत कुणी रुंग ताईंवर ओरडलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. जेवढं शेडमध्ये नेता आलं तेवढं नेलं. उरलेल्याचे ढीग लावले आणि कॅमेऱ्यांसाठी आणलेल्या सगळ्या ताडपत्र्या त्यांच्यावर ओढल्या. शेवटच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर थियन दगड ठेवत होता तेव्हा पहिला टपोरा थेंब माझ्या नाकावर पडला.

आणि मग धो धो.

सगळे तंबूत पळाले. आणि पळता पळता सगळ्यांनी रुंग ताईंकडे बघितलं. उबोन मावशींनी तर कमरेवर हात ठेवून बघितलं.

"पॅकअप झाल्यावर पडलाय," रुंग ताई केस पिळत म्हणाल्या. "त्याला पाऊस म्हणत नाहीत, त्याला हवामान म्हणतात."

"तरीपण..." मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुमचं सूप उतू चाललंय."

मी तंबूत गेले नाही. मिठाच्या शेडच्या दाराशी उभी होते. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की थियन शेजारी येऊन उभा राहिला ते मला कळलंच नाही. त्याच्या पापण्यांवर मिठाचे कण होते. माझ्याही असावेत.

"परवापासून?" त्याने विचारलं.

"ऐकलंत वाटतं."

"बँकॉकपर्यंत ऐकू गेलं असेल."

"मला लावता आला असता तो गवती चहा," मी पावसाकडे बघत म्हटलं. "कुणाला कळलं नसतं. पण तुमचं मीठ होतं. म्हटलं, उगाच..." पुढे काय म्हणायचं होतं ते मला सापडेना. "मला तुम्ही आवडता. आता सगळ्यांना माहीतच आहे, तर तुम्हालाही सांगून टाकते."

त्याने टोपी काढून झटकली. मग म्हणाला, "माझं परवापासून नाही."

मी पावसाकडे बघणं सोडून त्याच्याकडे वळले.

"त्याच्या एक दिवस आधीपासून," तो म्हणाला. "अकराव्या पावलापासून."

"मग तेव्हा हात का नाही दिलास? दांडा दिलास मला."

"दिला असता तर सोडला नसता. आणि दिवसभराचं मीठ ओढायचं होतं."

मी हसायला लागले. हसता हसता परत डोळे भरले आणि पापण्यांवरचं मीठ आत गेलं आणि चांगलंच झोंबलं. त्याने हात पुढे केला. मग तळव्याकडे बघून थोडा मागे घेतला.

"हाताला मीठ आहे," तो म्हणाला.

"झोंबू दे."

तेवढ्या वेळात फळी ओढून माझ्या तळव्याला दोन फोड आले होते. खूप झोंबलं. मी सोडला नाही.

"उद्या तुम्ही जाणार," तो जरा वेळाने म्हणाला. "तू. तू जाणार."

"हो. सकाळी."

"आमचा मोसम आज संपला. आता पाऊस. पुढचे सहा महिने मिठागरात काही काम नसतं मला."

"मलाही नसतं," मी म्हटलं. "पावसात बाहेर कोण शूटिंग करतं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हे आधी कसं सुचलं नव्हतं कोण जाणे. जन्मभर ज्याच्यापासून पळत आलो, तो आता सहा महिने आमच्या दोघांच्या बाजूने कोसळणार होता.

तंबूतून उबोन मावशींची हाक आली. सूप तयार होतं, आणि मातीतून उपटलेल्या त्या तिन्ही काड्या त्यांनी धुऊन त्यात टाकल्या होत्या. "ये गं," त्या ओरडत होत्या. "तुझ्या हातचा गवती चहा आता आम्हाला कामाचा नाही, निदान पोटात तरी जाऊ दे. आणि त्यालाही आण."

"जायचं?" थियनने विचारलं.

"पाऊस थोडा कमी होऊ दे."

"किती वेळ लागेल?"

मोबाइल खिशात होता. तो काढायला मला हात सोडावा लागला असता.

"काय माहीत," मी म्हटलं.